मस्टरवरची माणसं

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात राज्यातल्या कृषी महाविद्यालयांची वसतिगृहं रिकामी झाली, तेव्हा शेतं भरलेली होती. राहुरीपासून परभणीपर्यंत गहू कापणीला आला होता. हरभऱ्याची मळणी काही ठिकाणी झाली होती, काही ठिकाणी व्हायची होती. उन्हाळी भुईमूग नुकता अंग धरत होता. दापोलीकडे आंबा काढणीच्या तोंडावर होता. पोरं बॅगा उचलून गावी गेली, वर्गांना कुलपं लागली, आणि पीक जागच्या जागी उभं राहिलं. कॉलेज परिपत्रक काढून बंद करता येतं. गव्हाला परिपत्रक कळत नाही.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात कृषिविद्या शिकवत होते आणि विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वाफ्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. बी.एस्सी. कृषीच्या अभ्यासक्रमात खरीप आणि रब्बी अशी पीक उत्पादनाची दोन प्रात्यक्षिकं असतात. प्रत्येक गटाला जमिनीचा तुकडा मिळतो. नांगरटीपासून विक्रीपर्यंत सगळं त्यांनी करायचं, खर्च लिहायचा, नफा-तोटा काढायचा, अशी त्यामागची कल्पना. कागदावर या शेताचं नाव ‘विद्यार्थी प्रक्षेत्र’. विद्यार्थी निघून गेल्यावर ते कोण चालवतं, हा प्रश्न मला त्या मार्चमध्ये पडला आणि मग तो मागे मागे जात राहिला. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत ते कोणी चालवलं असेल? प्लेगात काय झालं असेल? आपल्याकडच्या शेतकी शिक्षणाचं वय जवळपास दीडशे वर्षांचं आहे आणि त्यात तीन मोठ्या साथी येऊन गेल्या आहेत. हा इतिहास सहसा प्राचार्यांच्या नावांनी लिहिला जातो. मला तो मस्टरच्या, म्हणजे मजुरांच्या हजेरीवहीच्या, बाजूने पाहावासा वाटला.

सुरुवात पुण्यात होते. १८७९ मध्ये तिथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शेतकीची शाखा निघाली. दख्खनचा मोठा दुष्काळ तेव्हा नुकता सरला होता आणि शेतीकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही, हे सरकारच्या लक्षात आलं होतं. मात्र त्या शाखेकडे वळणाऱ्या मुलांचा डोळा बहुधा महसूल खात्यातल्या नोकरीवर असे. नांगर धरणारी माणसं वेगळी आणि नांगराबद्दल परीक्षा देणारी वेगळी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे. याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचं शिक्षण मिळावं, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. राहुरीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे.

पुढे १८८९ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनतज्ज्ञ विलायतेहून भारतातली शेती पाहायला आले. त्यांचा अहवाल १८९३ चा. इथला शेतकरी अडाणी आहे, त्याला शिकवलं पाहिजे, अशी हवा असताना त्यांनी उलटा निर्वाळा दिला: चांगला भारतीय शेतकरी इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या तोडीचा आहे आणि काही बाबतींत त्याच्या पुढे आहे. मी हे दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे. पोरं माना डोलवत आणि दुसऱ्या तासाला मुकादमाला अरे-तुरे करत.

१८९६ च्या अखेरीस प्लेग मुंबईहून पुण्यात आला. प्लेग अधिकारी रँड, घरझडत्या, सोजिरांनी देवघरात शिरणं, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, हा भाग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्याच्या बाजूची एक गोष्ट मात्र शेतीची आहे. प्लेग आला की लोक गाव सोडून रानात राहायला जात. शेतात, माळावर झोपड्या उभ्या राहत आणि महिनोन् महिने संसार तिथे चाले. जुन्या घरांमध्ये ‘आम्ही झोपड्यांत होतो तेव्हा’ असं म्हणणारी माणसं माझ्या लहानपणी होती. सावित्रीबाई फुल्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना थाटला तोही गावाबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्याच्या बाजूला. सावित्रीबाई स्वतः रोगी तिथे पोचवत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शहराला रोग झाला की शेताने जागा द्यायची, हे इतकं गृहीत होतं की शेतावर आधीपासून राहणाऱ्या माणसांचं काय झालं, याची विचारपूस फारशी कुणी केलेली दिसत नाही.

स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं ते १९०७-०८ च्या सुमारास. प्राचार्य होते डॉ. हॅरॉल्ड मॅन. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आसामच्या चहामळ्यांच्या कामासाठी भारतात आले, १९०७ मध्ये पुण्याला आले आणि शेतकी कॉलेजचं काम कुंपणाच्या आत संपत नाही हे त्यांनी ओळखलं. सहकाऱ्यांना घेऊन ते पिंपळे सौदागरला गेले. आज तिथे बहुमजली इमारती आहेत. तेव्हा ते पुण्याजवळचं एक लहान खेडं होतं. घरोघर जाऊन जमीन किती, कर्ज किती, उत्पन्न किती, मजुरीला कोण जातं, हे त्यांनी टिपलं. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरावर आली आणि १९१५ पर्यंत सात एकरांवर. हा अभ्यास १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आला. पुस्तकाच्या नावात जमीन आणि मजुरी हे दोन्ही शब्द आहेत. एका गावाची अशी बारीक मोजणी आपल्याकडे त्याआधी क्वचितच झाली होती.

आणि लगेच १९१८ उजाडलं. मॅन त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला. लोकांनी त्याला मानमोडी म्हटलं. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली आणि तिने घरंच्या घरं झोपवली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. त्यातच त्या साली मॉन्सून फसला होता. हे दोन्ही एकत्र आल्यावर शेतावर काय होतं, ते समजायला दख्खनचं वेळापत्रक माहीत असावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस. जमिनीत असेल तेवढ्या ओलीवर पेरणी साधायची असते. चार-आठ दिवस हुकले की वरची ओल उडते आणि मग बी टाकून उपयोग नसतो. खरिपाची बाजरी त्याच वेळी काढणीला असते. वर्षात सर्वांत जास्त हात लागतात, त्याच पंधरवड्यांत ही साथ शिगेला पोचली. बरं, ती म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त नेत होती, म्हणजे नेमकी तिफण धरणारी, मोट हाकणारी माणसं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ ते १९२१ या दहा वर्षांत जवळजवळ तीन टक्क्यांनी घटली. त्यानंतरच्या कोणत्याही जनगणनेत असं पुन्हा घडलेलं नाही.

त्या हंगामात सरकारी शेतांवर पेरण्या कुणी केल्या, कोण आजारी पडलं, कुणाची जागा कुणी घेतली, याचा शोध मी माझ्यापुरता घेत आले. स्मरणिका वाचल्या, जुन्या शिक्षकांशी बोलले. स्मरणिकांत प्राचार्य आहेत, सुवर्णपदकं आहेत, क्रिकेटचे संघ आहेत, पाहुण्यांसोबत काढलेले फोटो आहेत. एखाद्या फोटोत मागे बैलजोडी धरून एक माणूस उभा असतो. खालच्या ओळीत बैलाची जात लिहिलेली असते.

याच पुण्यात गणेशखिंडीची बाग आहे. १८७३ मध्ये वनस्पती उद्यान म्हणून ती सुरू झाली आणि पुढे फळसंशोधनाचं मोठं केंद्र बनली. फळबागतज्ज्ञ डॉ. चीमांच्या काळात इथे पेरूच्या रोपांमधून निवड झाली, तिला आपण आज सरदार किंवा एल-४९ म्हणतो. आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून १९३६ मध्ये एक झाड निवडलं गेलं, तेच पुढचं ‘गणेश’ डाळिंब. सोलापूर-नगर-नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्याने कित्येक घरं वर काढली, ते हे. निवड पद्धतीत शेकडो रोपं वाढवायची असतात, प्रत्येकाचं वेगळं पाणी-खत बघायचं असतं, आणि वर्षानुवर्षं कोणत्या झाडाचं फळ कसं येतं हे डोळ्यांत ठेवायचं असतं. नोंदवही साहेबांची असते. पण पहाटे बागेत फिरून अमक्या ओळीतल्या अमक्या झाडाचे दाणे मऊ आहेत, हे पहिल्यांदा कुणीतरी माळ्याने सांगितलं असणार. इतकी वर्षं शेतावर काढल्यावर हे मी खात्रीने म्हणते, कारण माझ्यासमोर असंच घडत आलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं इथे वेगळं स्मरण करायला हवं. इन्फ्लुएंझाच्या दुसऱ्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ ला, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. त्यांच्या वसतिगृहांत पोरं स्वतः राबायची, स्वतःची भाकरी स्वतः मिळवायची. कमवा आणि शिका ही त्यांची रीत. तिथे विद्यार्थी आणि मजूर अशी दोन माणसं नव्हतीच. सरकारी कृषी शिक्षणाने ही रीत खऱ्या अर्थाने उचलली असती, तर २०२० मध्ये मला पडलेला प्रश्न कदाचित पडलाही नसता.

मी स्वतः १९८० च्या दशकात पुण्याला शिकले. वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. प्रात्यक्षिकाला सकाळी सातला शेतावर हजर व्हायचं. मुकादम हजेरी घ्यायचे: आधी मजुरांची, मग आमची. मजुरांची मस्टरवर, आमची वेगळ्या कागदावर. आम्ही तासभर खुरपायचो, एखादी ओळ काढायचो आणि वर्गात जायचो. आमचा अर्धवट राहिलेला वाफा दुपारपर्यंत पुरा झालेला असायचा. तो कुणी केला, हे विचारायची पद्धत नव्हती. पुढे राहुरीच्या भागात नोकरीला आल्यावर आणखी एक गोष्ट समजली. विद्यापीठासाठी आसपासच्या गावांची जमीन १९६८ नंतर संपादित झाली होती, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्यातलीच कित्येक माणसं त्याच जमिनीवर रोजंदारीला येत होती. प्रकल्पग्रस्तांच्या नोकरीचा प्रश्न तिथे अनेक दशकं धुमसत राहिला आहे. विद्यार्थी प्रक्षेत्राच्या मातीत हेही मुरलेलं आहे.

आता २०२० कडे येते.

टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली. शेतीकामाला तिच्यातून सूट असल्याचा केंद्राचा आदेश दोन-तीन दिवसांत निघाला. आदेश निघणं आणि तो नाक्यावरच्या पोलिसापर्यंत पोचणं यात अंतर होतं. आमचे मुकादम पहिल्या दिवशी निघाले ते सायकलला विळा बांधून. कागद नव्हता, विळाच ओळखपत्र. गावातून येणाऱ्या बायांना टेम्पो मिळेना, म्हणून त्या कालव्याच्या कडेने चालत आल्या. पदरानेच तोंड बांधलेलं. ते तर बाया उन्हाळ्यात एरवीही बांधतात.

गव्हाच्या कापणीला आमच्याकडे पंजाबातून हार्वेस्टर येतात. त्या वर्षी मशीन कुठे अडकली, कुठे चालकच नाहीत. पण विद्यार्थ्यांच्या वाफ्यांना तसंही हार्वेस्टर चालत नाही. प्रत्येक वाफा म्हणजे एक प्रयोग असतो. पेरणीच्या तीन तारखा, खताच्या तीन मात्रा, आणि प्रत्येकाची तीन वेळा पुनरावृत्ती, असे सत्तावीस लहान वाफे एका गटाचे, तेही एकमेकांत मिसळून मांडलेले. कडेच्या ओळी आधी कापून बाजूला काढायच्या, आतला निव्वळ वाफा वेगळा कापायचा, वेगळा बांधायचा, वेगळा झोडायचा, वेगळा तोलायचा. एक पेंढी इकडची तिकडे गेली की पूर्ण हंगामाचे आकडे वाया. एरवी हे पोरं करतात. वाफ्यांचा नकाशा त्यांच्या वहीत, वही त्यांच्या बॅगेत, बॅग गावाला. माझ्याकडे विभागातला नकाशा होता. मी तो मोठ्या कागदावर उतरवून बांधावर लावला आणि आकडे वाचून दाखवायला लागले.

कापणीच्या टोळीतल्या सर्वांत जुन्या मावशी थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, आकडं तुमच्याकडं राहू द्या. आम्हाला रंग सांगा.” दुसऱ्या दिवशी त्या घरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या घेऊन आल्या. लवकरच्या पेरणीला हिरवी, मधल्या पेरणीला पिवळी, उशिराच्या पेरणीला लाल. खताची मात्रा गाठीने सांगायची: एक गाठ कमी, दोन गाठी मध्यम, तीन गाठी पूर्ण. पुनरावृत्ती चिंधी कुठे बांधली त्यावरून: पेंढीच्या बुडाशी, कमरेला की ओंब्यांखाली. ही सगळी जुळणी त्यांनी बांधावर बसून, चहा निवायच्या आत ठरवली. मी ती वहीत लिहून घेतली, कारण मला ती लक्षात राहीना. त्यांना राहिली. संध्याकाळी खळ्यावर पेंढ्या रचल्या तेव्हा मी नकाशा घेऊन एकेक पडताळली. सत्तावीसच्या सत्तावीस बरोबर. पुढच्या गटांचंही तसंच.

मळणीला अंतर ठेवून ताडपत्र्या अंथरल्या. प्रत्येक वाफ्याचा गहू काठीने झोडला, पाखडला, गोणीत भरला आणि त्याच रंगाची चिंधी गोणीच्या तोंडाला बांधली. हजार दाण्यांचं वजन करायचं होतं. दाणे मोजायला दोन बाया बसल्या. एक मोजायची आणि शंभराला हाक द्यायची, दुसरी खडा टाकायची. मी फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकत होते. कुणी जिंतूरहून, कुणी साक्रीहून, कुणी अक्कलकोटच्या बाजूहून उत्तर द्यायचं. एका मुलाला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. तो टाकीवरून विचारायचा, “मॅडम, आमचा नेत्रावती गहू किती भरला?”

त्या गव्हाचे आकडे मी नंतर विभागात सादर केले. आधीच्या पाच वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदींपेक्षा ते अधिक एकसारखे होते, पुनरावृत्तींमधली चूक कमी होती. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने ते दोनदा तपासले. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. सगळे वाफे एकाच हाताने, एकाच उंचीवर कापले गेले होते.

विकायचं काय, हा पुढचा प्रश्न. एप्रिलमध्ये पुण्याचं मार्केट यार्ड बंद पडलं, आडत्यांचे फोन लागेनात. गहू टिकतो, भाजी टिकत नाही. विद्यार्थ्यांच्या वाफ्यांतली वांगी आणि मिरची आम्ही क्वार्टर्समध्ये आणि जवळच्या वस्तीत दारोदार विकली. शहरातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर शेतकरी टेम्पो लावून थेट विक्री करत होते, तेच आम्ही लहान प्रमाणावर केलं. हिशेब मुकादमांच्या नातीने ठेवला. ती दहावीला होती आणि तिचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता.

कृषी विद्यापीठांच्या शेतांवर या काळात केवळ प्रात्यक्षिकंच अडकली नव्हती, बियाणंही अडकलं होतं, हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. पैदासकार बियाणं विद्यापीठात तयार होतं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, आणि मग ते शेतकऱ्याच्या घरी जातं. पहिल्या पायरीवरचा एक हंगाम गेला तर झळ दोन वर्षांनी तिसऱ्या पायरीवर लागते, आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही. त्याच जूनमध्ये राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. बियाणं नीट नसेल तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून पैदासकार बियाण्याच्या वाफ्यात भेसळीची झाडं उपटत फिरणाऱ्या माणसाचं त्या एप्रिलमधलं काम मला फार मोलाचं वाटतं. त्याच्यासाठी कुणी थाळ्या वाजवल्या नाहीत.

कोकणात तर संकटावर संकट आलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. दापोलीच्या विद्यापीठाच्या आवारातलीही झाडं पडली. दापोलीत शिकवणारी माझी एक मैत्रीण फोनवर सांगत होती: विद्यार्थी नाहीत, वीज नाही, रस्ते बंद, आणि मजूर कोयते घेऊन फांद्या तोडत वाट काढतायत. नारळाचं झाड पुन्हा फळावर यायला किती वर्षं लागतात, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. आम्ही त्यावर बोललो नाही.

आमच्या विद्यार्थ्यांचं त्या वर्षीचं ‘रावे’ आपापल्या गावात झालं. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एरवी मुलांना नेमून दिलेल्या गावी जाऊन राहावं लागतं. २०२० मध्ये त्यांनी स्वतःच्याच घरच्या रानात, शेजारच्यांच्या बांधावर बीजप्रक्रिया, माती नमुना, निंबोळी अर्क दाखवला. काहींनी केवळ फोटोपुरतं केलं. काहींनी मनापासून केलं. शेवगावच्या एका मुलीने बापाच्या कापसाचा वर्षभराचा खर्च पहिल्यांदाच लिहून काढला आणि घरच्यांची मजुरी त्यात धरली. बापाला तो आकडा बघवेना. असा अहवाल मी आधी कधी वाचला नव्हता. त्या वर्षीच्या काही मुलांच्या गुणपत्रिकांवर कोविडचा उल्लेख असलेला शिक्का पडल्याची बातमी जुलैमध्ये आली आणि सगळे हळहळले, चिडले. परीक्षा न देता पुढे ढकललेली मुलं, असा तो डाग. मी त्या मुलीचा अहवाल पाहिलेला असल्याने मला तो फार लागला.

२०२१ चा एप्रिल पहिल्यापेक्षा वाईट होता. ऑक्सिजन, खाटा, रेमडेसिविर, सगळीकडे एकच धावपळ. पुण्यात १८७९ ला जिथे शेतकीचा पहिला वर्ग भरला, त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर आदल्या ऑगस्टपासून जम्बो कोविड रुग्णालय उभं होतं. आमच्या मुकादमांना खोकला लागला तेव्हा गहू घरात आला होता. तालुक्याला खाट मिळाली नाही, जिल्ह्याला मिळाली, पण उशिरा. ते गेले. तीस वर्षांहून अधिक काळ ते त्या शेतावर होते, त्यातली बरीच वर्षं रोजंदार म्हणून. कोविड कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी शासनाने पन्नास लाखांची मदत जाहीर केली होती. शेतावर पाणी धरणं हे कोविड कर्तव्य नव्हतं. मी अर्ज लिहिला, सोबत मस्टरच्या प्रती जोडल्या, टाळेबंदीतल्या प्रत्येक दिवसावर त्यांची सही होती. कार्यालयातून उत्तर आलं की नियमात बसत नाही. ते उत्तर देणाऱ्या माणसालाही वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. नियम मात्र तसाच राहिला.

तेव्हापासून मी मस्टरकडे वेगळ्या नजरेने बघते. लांबट, कापडी पाठीची वही, बोटांनी मळलेले कोपरे. आडव्या ओळीत नाव, उभ्या रकान्यात तारखा, शेवटी अंगठा किंवा सही. विद्यार्थी नसताना विद्यार्थी प्रक्षेत्र कुणी चालवलं, याचा हा एकमेव अस्सल पुरावा आहे. आणि कार्यालयीन नियमानुसार ठरावीक वर्षांनी तो नष्ट करायचा असतो. शोधनिबंध ग्रंथालयात कायम राहतात, मस्टर रद्दीत जातं. १९१८ च्या ऑक्टोबरची मस्टरं आज कुणाकडे सापडली, तर त्या महिन्यात कोणती नावं एकाएकी थांबली, कुणाच्या जागी त्याचा पोरगा किंवा बायको आली, ज्वारीची पेरणी किती दिवस लांबली, हे सगळं त्यांतून वाचता येईल.

२०२१ च्या ऑक्टोबरात पोरं परत आली. त्यांनी ज्या गव्हाचे आकडे वहीत उतरवले, तो त्यांनी कापलेला नव्हता. म्हणून मी निवृत्त होईपर्यंतच्या दोन हंगामांत प्रात्यक्षिक वहीच्या पहिल्या पानावर एक रकाना वाढवला: कोणतं काम, कोणत्या तारखेला, कुणी केलं. पूर्ण नाव लिहायचं. ‘मजूर ४’ असं चालणार नाही. काही मुलांनी कुरकुर केली. बहुतेकांनी मावश्यांना जाऊन नावं विचारली, आणि तीन वर्षं ज्यांना फक्त मावशी म्हटलं त्यांची आडनावं त्यांना पहिल्यांदाच कळली.

माझी एक विनंती आहे. पुणे, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, किंवा जुन्या सरकारी शेतांपैकी कुठेही, मांजरी असो, निफाड असो, मोहोळ असो, आपले आजोबा-पणजोबा, आजी-पणजी कामाला असतील, तर घरातल्या ट्रंकेत एकदा पाहा. पगाराची चिठ्ठी, पितळी बिल्ला, साहेबाने दिलेलं शिफारसपत्र, मस्टरची एखादी प्रत, शेतावर काढलेला फोटो, काहीही. वाळवी लागायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा आणि मागे नाव, गाव, साल लिहा. आणि ज्या कृषी महाविद्यालयांच्या भांडारात २०२०-२१ ची मस्टरं अजून पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत काढण्याआधी निदान स्कॅन करून ग्रंथालयात ठेवावीत. आमच्याकडची मी निवृत्तीच्या आधी करून घेतली आहेत.